हे सारे कोणाचे होणार?

मृत्युपत्राचा विषय निघाला की घरातील वडीलधारी माणसे "असे अभद्र बोलू नये" म्हणून तो मिटवतात. तरुणांना तर तो आपला वाटतच नाही. वास्तविक जपमाळ करताना आपण पवित्र मरियेकडे स्वतःच्या मरणघटकेसाठी पुनःपुन्हा विनंती करीत असतो. जे प्रार्थनेत अभद्र नाही, ते कागदावर अभद्र कसे ठरावे?

समजा, नाशिकरोडला कर्ज काढून घर घेतलेला दोन लहान मुलांचा पिता अकस्मात गेला. मृत्युपत्र नसल्यास 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश व मुलांना दोन तृतीयांश वाटा मिळतो. पुढे घर विकण्याची वेळ आली, तर अज्ञान मुलांच्या वाट्यासाठी तिला न्यायालयाची पायरी चढावी लागते. पतीचे प्रेम उणे नव्हते. त्याची इच्छा तेवढी लिहिलेली नव्हती.

पण ही तजवीज म्हणजे देवावरचा अविश्वास नव्हे काय? संत लूक यांच्या शुभवर्तमानातील धनवंत आठवावा. केवळ कोठारे बांधली म्हणून तो मूर्ख ठरला नाही. त्याच्या साऱ्या बेतात दुसऱ्या कोणाला जागाच नव्हती. साठवलेले आता कोणाचे होणार, या देवाच्या प्रश्नावर तो निरुत्तर झाला. मृत्युपत्र हे त्याच प्रश्नाचे वेळीच दिलेले उत्तर होय. आपण मालक नसून विश्वस्त आहोत, याची ती लेखी कबुली आहे.

हे उत्तर धडधाकटपणीच द्यावे. रुग्णाच्या उशाशी भीती असते आणि आप्तांचा आग्रहही असतो. तेथे मन मोकळे राहत नाही. महात्मा फुले यांनी 1887 साली मृत्युपत्र केले. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदाराला त्यात काही ठेवल्यास ते देणे रद्द ठरते. विवाह होताच आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते, म्हणून नवविवाहितांनी ते नव्याने करावे. त्यात पिता आपल्या अज्ञान मुलांसाठी पालकही नेमू शकतो.

प्रभू येशूपाशी वाटून देण्याजोगी मालमत्ता नव्हती. तरीही ऐन तारुण्यात, क्रुसावरून, त्याने आपल्या मातेला शिष्याच्या हाती सोपवले. माणसे सोपवणे हेच मृत्युपत्राचे मर्म. घर आणि पैसा त्यांच्यामागून येतात.