परक्याचे युद्ध

नेपियर टाउनमधील माझ्या टेबलावर उरीया हित्तीच्या वृत्तान्ताचे भाषांतर तपासताना मला दोन वैमानिक आठवले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिश हवाई दलातून लढत १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये मृत्यू पावले. कृष्णवर्णीय अमेरिकन यूजीन बुलार्ड १९१७ साली फ्रेंच विमानदलात लढला. पुढे स्वदेशाच्या विमानदलाने मात्र त्यास घेतले नाही.

स्वगृही ज्यास मान नाही, त्याने परक्यासाठी प्राण पणास लावावा काय? अशास भाडोत्री म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सोबती उघड्यावर असता उरीया घरी निजला नाही. ती निष्ठा खरीच होती. पाप दाविदाचे, त्या निष्ठेचा गैरफायदा घेणाऱ्याचे.

तरीही, वाचकहो, लेखणी अडते. समोरच्या विमानातील जर्मन तरुणाने या दोघांचे काय बिघडविले होते?