घराची वजाबाकी

बाबेलच्या बंदिवासात गेलेल्यांना यिर्मया संदेष्ट्याने एक पत्र धाडले होते. त्यांनी परक्या भूमीतच संसार थाटावा व त्या नगराचे हित चिंतावे, असा त्याचा आशय. इराकच्या यहुद्यांनी तो सल्ला सुमारे अडीच हजार वर्षे पाळला. बाबेलचा तल्मूद तेथेच आकारास आला. १९३२ साली कैरो येथे अरबी संगीताची परिषद भरली, तेव्हा इराकने पाठविलेले वादक यहुदी होते. मुंबई-पुण्याच्या परिचयाचे ससून घराणेही मूळचे बगदादचेच.

१ व २ जून १९४१ रोजी बगदादमध्ये दंगल उसळली आणि दीडशेहून अधिक यहुदी मारले गेले. (अनेकांना मुसलमान शेजाऱ्यांनी आपल्या घरांत दडविले, हेही सांगितले पाहिजे.) १९४८ च्या युद्धानंतर तेथे राहणे कठीण झाले. मार्च १९५० च्या कायद्याने नागरिकत्व सोडणाऱ्यास देश सोडण्याची मुभा दिली. एक लाखाहून अधिक लोक विमानांनी इस्राएलास गेले. मोहिमेस नाव दिले ते एज्रा व नहेम्या यांचे! मार्च १९५१ मध्ये दुसरा कायदा आला व नागरिकत्व सोडलेल्यांची मालमत्ता गोठविली गेली. कालचे व्यापारी तंबूंच्या छावण्यांत येऊन पडले.

खरा नैतिक प्रश्न मला यापुढे दिसतो. त्याच महिन्यात इस्राएलचे परराष्ट्रमंत्री मोशे शारेट यांनी संसदेत जाहीर केले की, १९४८ च्या सुमारास परागंदा झालेल्या अरबांना द्यावयाच्या भरपाईचा हिशेब करताना ही गोठविलेली मालमत्ता विचारात घेतली जाईल. असे पॅलेस्टिनी सुमारे सात लाख होते.

हिशेब वरवर चोख वाटतो. पण वाचकहो, याफाच्या कुटुंबाने बगदादमधील कोणाचे दार बंद केले होते? आणि बगदादच्या सोनाराने याफातील कोणाची बाग घेतली होती? अहाबाने नाबोथास अधिक चांगला मळा किंवा रोख मोल देऊ केले होते. व्यवहार तोट्याचा नव्हता, तरी नाबोथाने तो नाकारला. वतन पूर्वजांचे होते. निदान त्याला विचारले तरी गेले. येथे दोघांनाही कोणी विचारले नाही.

राज्यकर्त्यांना कोठेतरी हिशेब मिटवावाच लागतो, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु ज्याचे देणे आहे त्याच्या हाती काही पडल्यावाचून देणे फिटले असे वाण्याच्या दुकानातही कोणी म्हणत नाही. बगदादच्या सोनाराचा दावा इराकवर होता, याफाच्या कुटुंबाचा इस्राएलवर. ते दोन्ही दावे अद्याप उभे आहेत.