मुक्या जिवास निरोप



घरचे माणूस देवाघरी गेले म्हणजे काय करावे, हे शास्त्राने सांगून ठेविले आहे. शेजारीपाजारीही धीर द्यावयास येतात. परंतु वर्षानुवर्षे चुलीपाशी निजलेले मांजर गेले, तर त्या घराने काय करावे? मुले जेवत नाहीत, वडील मंडळी चोरून डोळे पुसतात, आणि येणारेजाणारे म्हणतात, ‘मांजरच ते, दुसरे आणा!’ अशा दुःखाची लाज वाटावी काय, याचा विचार आज आपण करू.

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात भरतराजाची कथा आहे. राज्य सोडून तो तपास बसला. नदीत वाहून चाललेले हरणाचे पाडस त्याने काठावर आणिले. पुढे त्याच्याच चिंतेत नित्यकर्मे सुटली, अंतकाळी त्याचेच ध्यान राहिले आणि पुढील जन्म हरणाचा आला. ही कथा सांगून ‘पशूवर माया नको’ असा उपदेश पुष्कळदा होतो. आम्हांस तसे वाटत नाही. पाडस बुडत असता जो स्वस्थ बसेल तो तपस्वी कसला? दोष दयेचा नव्हे. एकाच्या मायेत बाकीचे सारे विसरले, हा दोष होय.

उलट महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजापुढे इंद्राचा रथ उभा राहिला, तेव्हा मागून आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात जाण्याचे त्याने नाकारिले. तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्मच होता. आश्रयास आलेल्यास शेवटपर्यंत सोडू नये, हे त्याचे सार. म्हाताऱ्या, आंधळ्या मांजरास पोत्यात घालून बाजारात किंवा दमणगंगेपलीकडे सोडून येणारे आपल्यात नाहीत काय? रडणे हा अधर्म नव्हे. हा अधर्म आहे. तो जीव आजारी पडल्यास पशुवैद्यास दाखवावे आणि अखेरच्या घटकेस जवळ बसावे.

आपल्या पूर्वजांस अशा दुःखाची लाज वाटली नाही. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुली येथे, थोरल्या शाहू महाराजांच्या (१६८२–१७४९) खंड्या नावाच्या कुत्र्याचे स्मारक आहे. त्याने भुंकून महाराजांस वाघापासून सावध केले, असे सांगतात. छत्रपतींनी ज्याचे उपकार मानिले, तो मुका जीवच होता. मांजरास तर लोक वाघाची मावशी म्हणतात; आपल्या या मुलखातील वारली बांधव वाघदेवास पूजितात, आणि बालकांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहनही मांजरच आहे.

डोकमर्डीस आमच्या घरची मांजर गेली, तेव्हा परसातील आंब्याखाली तिला मूठमाती दिली. धाकट्या बहिणीने विचारिले, ‘हिचे श्राद्ध कोण करणार?’ वडिलांनी तिला जवळ घेऊन सांगितले, ‘आपण तर्पण करितो ते ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांसाठी. त्यात हीही आली.’ खरेच, श्राद्धाच्या दिवशी गाय, कुत्रा, कावळा, मुंगी यांचा घास आपण वेगळा काढितोच. ज्या धर्मात मुंगीला पान आहे, त्यात मांजरासाठी आलेल्या आसवांस जागा नाही, असे कसे होईल?

आता निरोपाविषयी. वैष्णव आचार्यांनी भक्तीचे दोन न्याय सांगितले आहेत. माकडाचे पिलू आईस घट्ट धरून बसते. मांजराचे पिलू अंग सैल सोडते आणि आई त्यास तोंडात धरून नेते. गेलेल्या जिवास आपण माकडाच्या पिलासारखे धरून बसू नये. इतके दिवस त्यास आपण सांभाळिले. आता ज्याचे त्याने उचलून नेले आहे, असा भरवसा ठेवावा. त्याची वाटी मात्र रिकामी पालथी घालू नये. तीत रोज पाणी भरून दाराबाहेर ठेवावे. वाटेवरचा कोणी तहानलेला जीव ते पिईल. भरताचे जे राहून गेले, ते आपल्या हातून एवढ्याने घडेल.

भगवंत सर्व मुक्या जिवांस आपल्या पायांशी ठाव देवो, हीच प्रार्थना.

शुभं भवतु।