व्याजदर आणि न्याय

पनवेलीत एका वृद्धाची बँकेत ठेव आहे आणि शेजारच्या तरुणाने कर्ज काढून घर घेतले आहे, असे समजा. या दोघांमधील निवाडा रिझर्व्ह बँकेचा व्याजदर नित्य करीत असतो. मे २०२० मध्ये तिने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला. साथीच्या काळात व्यवहार तगावेत, हा हेतू स्तुत्यच होय. परंतु २०२०-२१ साली महागाई सरासरी ६ टक्क्यांवर गेली. ठेवीचे व्याज मागे पडले. तरुणाचा हप्ता हलका झाला, तो काही अंशी वृद्धाच्या पुंजीतून!

लोकहितार्थ कोणी तरी सोसावे लागते, हे मान्य. पण कर बसवावयाचा तर लोकसभेत निदान वादविवाद होतो. ही वजावट मुकाट्याने होते. याच जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, तेव्हाही युद्धखर्चापायी नोटा वाढून महागाईने गरिबांस गांजले होते. परंतु तेव्हा राज्य परक्यांचे होते, विचारणार कोण?

२०१६ पासून मात्र कायदा असा आहे की, महागाई सलग तीन तिमाह्या मर्यादेबाहेर राहिल्यास बँकेने सरकारला लेखी कारणे द्यावीत. २०२२ साली तो प्रसंग आला. खुलासा दिल्लीस गेला. ठेवीदारापुढे तो ठेवण्यात आला नाही.