लाल रेघ गेली, म्हणून काम झालं?

मोबाईल बॅगेत टाका आणि नीट ऐका. ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल तोंडावर आलंय, आणि निम्मा वर्ग एकाच एररवर अडकलाय: अनडिफाइन्ड रेफरन्स. वर मलाच सांगता, "सर, लायब्ररी टाकलीय, तरी चालत नाही." कुठे टाकलीय? डाउनलोड्समध्ये?

व्हीएस कोडच्या सी-सीपीपी-प्रॉपर्टीज फाइलीत इन्क्लूड पाथ लिहिलात, लाल रेघ गेली आणि तुम्ही निर्धास्त झालात. अरे, ती फाइल एडिटरला सूचना दाखवता याव्यात म्हणून असते. कंपायलर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला जे सांगायचं ते टास्क्स डॉट जेसनमधल्या आर्ग्समध्ये लिहावं लागतं. मायनस कॅपिटल आयपुढे हेडरचा फोल्डर, मायनस कॅपिटल एलपुढे लायब्ररीचा, आणि मायनस स्मॉल एलला जोडून लायब्ररीचं नाव, तेही पुढचं 'लिब' आणि मागचं 'डॉट ए' गाळून.

सांगलीत हळदीचा सौदा नमुन्यावर ठरायचा आणि माल हरिपूरच्या पेवात असायचा. ग्राफिक्स डॉट एच हा तसा नुसता नमुना आहे. इनिटग्राफ नावाचं फंक्शन आहे, एवढंच ते सांगतं. फंक्शनचा खरा कोड लिबबीजीआयमध्ये असतो आणि तो लिंकर आणतो. हेडर सापडला नाही तर 'नो सच फाइल' येतं, फंक्शनचा कोड सापडला नाही तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. दोन वेगळी दुखणी, आणि तुम्ही दोन्हींवर एडिटर पुन्हा इन्स्टॉल करता!

बीजीआय, जीडीआय३२, कॉमडीएलजी३२ अशी एक लांबलचक ओळ तुमच्या ग्रुपवर फिरतेय. जीडीआय३२ कशाला, असं विचारलं तर सगळ्यांच्या माना खाली. विंडोजवर रेघ ओढायचं काम तीच लायब्ररी करते. ही ओळ कुणी सोर्स फाइलच्या आधी चिकटवलीय. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. त्या क्षणी त्याला त्यातलं काहीच लागत नसतं, म्हणून तो पुढे निघून जातो. कुणी ३२ बिटची लायब्ररी ६४ बिटच्या कंपायलरला दिलीय. स्क्रीनवर 'स्किपिंग इनकम्पॅटिबल' असं स्पष्ट लिहून येतं, पण वाचतो कोण?

टर्बो सीच्या काळातही लिंकरच्या मेनूत जाऊन ग्राफिक्स लायब्ररीवर खूण करावीच लागायची. तुमच्या आधीची मुलं करायची.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबी शिक्षण हेच तिचं ब्रीद ठेवलं. त्या सातारा जिल्ह्यातली मुलं तुम्ही, आणि स्वतःच्या मशीनवरची एक ओळ दुसऱ्याकडून मागून आणता? मला याचा खरंच राग येतो, कारण तुमच्यात बुद्धी आहे हे मी रोज बघतो.

उद्या एडिटर बंद ठेवायचा. कमांड प्रॉम्प्ट उघडून प्रत्येकाने माझ्यासमोर स्वतः ओळ टाइप करून प्रोग्राम कंपाइल करायचा आणि त्यातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते सांगायचं. ज्याला सांगता येईल, त्याच्याच जर्नलवर सही मिळेल.