उत्तर कोणाच्या हातून घ्यायचं?

मेढ्याहून केळघरच्या बाजूला निघालं की जावळीच्या डोंगरात वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा लागतात. पट लहान, म्हणून शिक्षकही मोजके. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकच्या ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक बसतात. साहजिकच एका खोलीत दोन-तीन इयत्ता. गुरुजी फळ्यापाशी तिसरीत गुंतले की चौथीतली एखादी मुलगी दुसरीच्या पोराला हातच्याची बेरीज दाखवायला बसते. तेरा आणि नऊ. एक गठ्ठा, तीन सुट्या काड्या. त्यात नऊ घालायच्या, दहा झाल्या की रबर लावून नवा गठ्ठा बांधायचा. पोरगा अकरा बांधतो. ती रबर काढते, पुन्हा मोजायला लावते, आणि मोजता मोजता तिला स्वतःलाच उमगतं की हातचा म्हणजे हा गठ्ठा.

शिक्षणशास्त्रात याला सहकार्यातून शिकणं म्हणतात. पण त्याच्या तळाशी धर्मचिंतनातला प्रश्न आहे. ज्ञान ज्याचं त्यानेच मिळवायचं, तर शेजाऱ्याचा त्यात वाटा कोणता?

आपल्या परंपरांनी कर्म ज्याच्या त्याच्या माथी ठेवलं. जैन दर्शन तर याबाबत फार कडक; एकाचं कर्म दुसऱ्याला फेडता येत नाही. तरीही उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, पाचव्या अध्यायात, जीवांचं काम सांगितलं आहे ते एकमेकांना साहाय्य करण्याचं. तैत्तिरीय उपनिषदातला शांतिमंत्र गुरू आणि शिष्य दोघांसाठी मिळून रक्षण मागतो, दोघांत द्वेष नको म्हणतो. शेजारी बसलेला सहाध्यायी मात्र त्या मागण्यात येत नाही.

आणि आपल्याकडे अडचण या शेजाऱ्याचीच होती. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच्या तोंडचं उत्तर कसं चालावं?

सातारा जिल्ह्यात हा प्रश्न ज्यांनी कृतीने सोडवला ते कर्मवीर भाऊराव पाटील जैन घरातले. कोल्हापुरात शिकताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परतल्यावर आंघोळीला नकार दिला, आणि त्यांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. मुलं मिळून स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत, राबत. धान्याला पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ज्यांनी एका भांड्यातलं खाल्लं, त्यांना एका पुस्तकावर वाकणं कठीण गेलं नसणार.

अमेरिकेत हीच गाठ १९७१मध्ये पडली. ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली आणि भांडणं सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. ज्या मुलाला सगळे हसत होते, त्याचा तुकडा त्याच्याखेरीज कुणाकडे नव्हता. त्याचं ऐकल्यावाचून धडा पुरा होईना. सत्याचा अंश प्रत्येक दृष्टीत असतो, असं जैनांचा अनेकांतवाद सांगतो. इथे तो अंश शेजारच्या बाकावर प्रत्यक्ष बसलेला होता.

साताऱ्याच्याच कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी शाळा घडल्या आणि त्या पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. रांगा मोडल्या, मुलं गोलात बसली, हातात खडे, बिया, काड्या आल्या. हे मोठंच काम. पण नुसता गोल केला म्हणून गट होत नाही. कितीतरी वर्गांत गटप्रमुख म्हणून तोच चुणचुणीत पोरगा बोलतो, अक्षर चांगलं म्हणून मुलगी लिहून घेते आणि मजुरी करणाऱ्या घरातलं मूल साहित्य उचलून ठेवतं. पंगत एक झाली तरी वाढणारे आणि उष्टी काढणारे ठरलेलेच राहिले, तर कर्मवीरांनी कशासाठी एवढं सोसलं?

परिसर अभ्यासाच्या तासाला धनगरवाड्यावरच्या मुलाकडे चाऱ्याचा भाग सोपवावा. कुठलं गवत म्हशी आवडीने खातात, कुठल्याला तोंड लावत नाहीत, ते बाकीच्यांनी त्याच्याकडूनच लिहून घ्यावं, आणि चाचणीत त्यावर गुण ठेवावेत.