पेटीवाल्याची शाल

कोजागिरी झाली की आमच्या भागात काकडा सुरू होतो. पहाटे चार-साडेचारला देवळातला कर्णा बोलू लागतो. त्या वेळी वेचणीला आलेल्या कपाशीवर दव असतं आणि गाव अर्धवट झोपेत असतं. टाळ, मृदंग, मधूनच खंजिरी, आणि या सगळ्यांच्या खाली एकसारखा वाहणारा पेटीचा सूर. पेटी वाजते आहे हे त्या वेळी लक्षातही येत नाही. भाता थांबला की मात्र अख्खं भजन उघडं पडतं.

आमच्या गावचे पेटीवाले मामा पन्नासेक वर्षं त्या पेटीमागे बसले. काकडा, सप्ताह, ग्रामजयंती, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची सामुदायिक प्रार्थना, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाच्या घरचं तेराव्याचं भजन. त्यांना बोलवावं लागायचं नाही, ते आधीच आलेले असायचे. ऐंशीच्या घरात गेल्यावर गावाने त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फोटो. मामांनी शाल अंगावर घेतली आणि भाषणासाठी माईक हातात दिल्यावर एकच विचारलं: माझ्यामागे कोण बसणार? समोर शंभरेक मुलं होती. त्यांतल्या एकाही मुलाचं बोट पेटीवर फिरत नव्हतं. तो प्रश्न मी आजवर बाळगून आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

आपल्याकडे साथीदाराचा सन्मान उशिरा होतो, एवढीच तक्रार मी करत नाही. पण उशीर किती, ते एकदा मोजून पाहायला हवं. जालन्याजवळच्या जळगावात 1922 साली जन्मलेले पेटीवादक अप्पा जळगावकर. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हा ते अठराचे होते. ती सैल झाली 1971 च्या सुमारास, आणि तीही काही श्रेणींच्या कलाकारांपुरती. अप्पा तोवर पन्नाशीला टेकले होते. माणसाच्या बोटांतलं उमेदीचं सगळं वय या दोन सालांच्या मध्ये येतं. या काळात त्यांनी मैफलीत मोठमोठ्या गवयांना साथ केली, लोकांनी ती कानांत साठवली. पण ज्या यंत्रातून देश गाणं ऐकत होता त्याचं दार त्यांच्या वाद्याला बंद होतं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना 2000 साली मिळाला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर 1934 चे. त्यांना अकादमीचा पुरस्कार 2005 साली मिळाला आणि पद्मश्री 2016 साली. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले.

रेडिओचा आक्षेप खोटा नव्हता, हे पेटीवर प्रेम करणाऱ्यानेही मान्य करावं. पेटीचे सूर ठोकून बसवलेले. मींड तिच्यात नाही, आंदोलन नाही. शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटतो त्याहून तिच्यावर जरासा चढाच लागतो. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली ती याच दुखण्यावर इलाज म्हणून. पण आक्षेप घेणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली, असं मला वाटतं. ते मैफलीचा विचार करत होते, शिकणाऱ्याचा नाही. पॅरिसमध्ये 1842 साली पेटंट घेतलेलं हे वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायभात्यातून सोडवून हातभात्यावर आणलं, आणि ते जमिनीवर बसलं. जमिनीवर बसलं म्हणून देवळात शिरलं, माजघरात शिरलं, बैलगाडीत बसून पुढच्या गावाला गेलं. जिथे तंबोरा जुळवून देणारं कुणी नाही तिथे ‘सा’ कुठे आहे हे सांगायला पेटीच होती. गळा तयार झाला की तिच्यावर रेलू नये, हे खरंच. पण त्या आधी गळ्याला सूर म्हणजे काय हे कळावं लागतं, आणि आमच्या शेकडो गावांत ते पेटीनेच कळवलं आहे.

म्हणून मला बेळगावच्या रामभाऊ विजापुरे यांचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. जन्म 1917 चा. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशांच्या मागे बसलेला हा माणूस. त्यांनी बेळगावात संगीत विद्यालय काढलं ते 1938 साली, म्हणजे विशीतच. आधी कीर्ती, मग सन्मान, मग निवृत्तीत शिकवणं, हा क्रम त्यांनी मानलाच नाही. दोन वर्षांनी रेडिओची बंदी आली. विद्यालयाला तिने काय फरक पडणार? रेडिओत पेटी नसली तरी बेळगावच्या खोलीत ती रोज वाजत होती. 2010 साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांच्या शिष्यांचे शिष्य मंचावर बसत होते. बोरकरांचंही तसंच: त्यांची बोटं आज सुधीर नायकांच्या हातांत ऐकू येतात, आणि अमेरिकेत राहणाऱ्या केदार नाफडे यांच्याही.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण इथे सांगावंसं वाटतं. एल्टन जॉन हे जगभर गाजलेलं पियानोवाल्याचं नाव. अकरा वर्षांचे असताना त्यांना लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची शिष्यवृत्ती मिळाली होती. 1998 साली त्यांना ‘सर’ किताब मिळाला. त्याच अकॅडमीत शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पुढे शिष्यवृत्त्या दिल्या. किताबाहून मला हा उलट प्रवास मोठा वाटतो. पण तो घडला कारण परत करायला एक जागा होती. त्या मुलाला आधी कुणीतरी पियानोपुढे बसवलं होतं.

आमच्या बाजूलाही असं कुणीतरी लागतं. यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे शकुंतला रेल्वे जिथे पोचायची त्या मूर्तिजापुरात 1920 साली वसंतराव देशपांडे जन्मले. लहान वयात ते नागपुरात आले आणि शंकरराव सप्रे यांना हे मूल सापडलं. ते नागपुरात आलेच नसते तर? वसंतरावांनी पुढे कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. एवढा गळा असलेल्या माणसाला गाण्याने घर चालवू दिलं नाही. पण निदान गाणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. शकुंतलेच्या वाटेवर तेव्हा आणखी किती गळे असतील, ज्यांच्या गावात सप्रे मास्तर नव्हते, याचा विचार आला की मन अस्वस्थ होतं.

आज काय स्थिती आहे? विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या परंपरेतल्या परीक्षा, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत, आज तालुक्याच्या गावीही देता येतात. दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात. त्या गुणांसाठी का होईना, मुलं क्लासला येतात, हे चांगलंच आहे. गुण मिळाले की पेटीवर कापड पडतं, हेही पाहतो. पण हे सगळं यवतमाळ, पुसद, वणी इथल्या मुलांचं, ज्यांच्या आईवडिलांना महिन्याची फी परवडते. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. झरी जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, जाऊन पाहा. तिथे ढोल आहे, नाच आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं गाणं आहे. पण शाळेच्या वेळापत्रकात गाण्याला माणूस नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याची सोय केली होती. सहावी ते आठवीला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा, असं त्याच्या परिशिष्टात आहे. अट एकच, त्या वर्गांचा पट शंभराच्या वर हवा. आमच्या जिल्हा परिषद शाळांपैकी लहान गावांतल्या किती शाळांत सहावी-सातवी-आठवी मिळून शंभर मुलं भरतात? बऱ्याच गावांत तर शाळाच चौथीपर्यंत. म्हणजे जिथे क्लास नाही, फी भरायची ऐपत नाही, दुसरं कुणी शिकवणारं नाही, नेमकं तिथेच हे पद येत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने पैशाचा हिशेब केला असेल. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. गणिताला पट लागत नाही, मग सुराला का लागावा?

माझं मागणं लहान आहे. केंद्रशाळेला एक पेटी द्या, आसपासच्या चार-पाच शाळांनी ती वाटून घ्यावी. आठवड्यातून दोन तास शिकवायला गावातलाच भजनी मंडळाचा पेटीवाला बोलवा आणि त्याला मानधन द्या, उपकार म्हणून नको, कामाचा मोबदला म्हणून. त्याच्याकडे पदवी नसेल. त्याला काळी एक आणि पांढरी चार यांतला फरक कळतो, बायकांचा गळा आला की पट्टी कुठे न्यायची ते कळतं, गाणारा चुकला तर त्याला लोकांसमोर उघडं न पाडता सुरावर कसं परत आणायचं हे कळतं. हे शेवटचं ज्याला येतं तो शिक्षक आहे.

मामांची पेटी दोन वर्षं देवळाच्या कपाटात बंद होती. उंदरांनी भात्याचं कातडं कुरतडलं होतं, पावसाळी हवेने काही सूर बसले होते, एक तर दाबला की बेंबीच्या देठापासून ओरडायचा. गेल्या उन्हाळ्यात आम्ही वर्गणी काढून ती दुरुस्तीला नेली. कारागिराने पितळी पट्ट्या एकेक काढून घासल्या, टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, ते मला दाखवलं. आता संध्याकाळी सहावीतली दोन मुलं आणि एक मुलगी मामांच्या ओसरीवर येतात. मामांचे हात थरथरतात, म्हणून भाता मुलगी ओढते आणि ते फक्त बोट कुठे ठेवायचं ते सांगतात. यंदाच्या काकड्याला तिला मांडीवर पेटी पेलत नाही म्हणून देवळातला पाट पुढे ओढून दिला आहे.